पन्नासच्या वरचे आकडे

१

हिरालाल कटरे व्हॉल्व्ह रूमच्या दारात पालथा पडलेला सापडला, तेव्हा सकाळच्या पाळीचा चहा नुकताच झाला होता. त्याचा एक हात उंबरठ्याबाहेर आला होता. अजून थोडं सरकता आलं असतं तर तो मोकळ्या हवेत आला असता.

हथखोजमधला तो लोखंडी सळ्यांचा छोटा कारखाना. भट्टी तापवायला तिथे कोळशापासून गॅस करतात. या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं वाटतं, मग पाय जड होतात, मग काहीच वाटत नाही. म्हणून व्हॉल्व्ह रूमच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसवलेली होती. ती दर मिनिटाला हवेतला गॅस मोजायची आणि आकडा कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरला पाठवायची. आकडा पन्नासच्या वर गेला की सायरन वाजायचा.

त्या दिवशी सायरन वाजला नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, हिरालालच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरला होता, मृत्यू त्यानेच झाला. आणि कारखान्याच्या बोर्डावर त्याच दिवसाचा आलेख लावलेला होता. त्यातली निळी रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत पन्नासच्या खाली शांतपणे चाललेली. शरीर सांगत होतं गॅस होता. मशीन सांगत होती गॅस नव्हता.

लोकांनी आपल्या परीनं उत्तर काढलं. ती पेटी सांभाळायचं काम नत्थू मेश्रामचं. त्याच आठवड्यात पानठेल्यावर हिरालाल आणि नत्थूची कडाक्याची भांडणं झाली होती, चारचौघांनी ऐकलं होतं. नत्थूनंच काहीतरी बंद केलं असणार. कारखान्यानं त्याला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं, पोलिसांनी चौकीत बोलावून बसवून ठेवलं. स्मशानातून माणसं परतली तेव्हा हिरालालची बायको बेबीताई दारातून सगळ्यांदेखत नत्थूला म्हणाली, "माह्या घरचा माणूस तुनं खाल्ला. तुयं तोंड मले दाखवू नको."

नत्थू पाठ फिरवून घरी निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्या घरी कोणी गेलं नाही.

२

नूतन बहेकार पोलाद प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये राहायची. नवरा प्लांटमध्ये नोकरीला, आणि ती स्वतः हथखोजच्या छोट्या कारखान्यांचे सुरक्षेचे अहवाल तयार करून द्यायची. पंधरा वर्षं तिचं सगळं काम स्प्रेडशीटवर चाललेलं. रकाने भरायचे, माउसनं ओढून निवडायचे, एक बटण दाबायचं, की आलेख तयार. पण आकडे हजारांच्या घरात गेले की तो आलेख म्हणजे नुसता निळा गुंता व्हायचा. रायपूरच्या एका कार्यशाळेत तिनं 'आर' नावाच्या प्रोग्रामिंगमधून काढलेले आलेख पाहिले आणि तिला आपल्या कामाची लाज वाटली. तेव्हापासून रोज सकाळी डबे भरून झाले की ती तासभर लॅपटॉपसमोर बसून ते शिकत होती. एखादा स्वल्पविराम राहिला तरी लाल अक्षरांत ओरडा यायचा. नवरा म्हणायचा, "जे येतं त्यावर पोट भरून राहिलं नं, मग हे कावून?" ती म्हणायची, "जे दिसत नाही ते बघायचं आहे मले." तेव्हा ते ती नुसतं बोलायचं म्हणून बोलली होती.

कारखान्याचे मॅनेजर चंदन शेंडे यांनी तिला बोलावलं.

"म्याडम, रिपोर्ट सिंपल ठेवा," ते म्हणाले. "मशीन ठीक होती की नव्हती, बस. और हां, ग्राफ जरा साफ दिसला पाहिजे. वर पाठवायचा आहे."

"नत्थूवर काय आरोप आहे?"

"त्यानं पेटीची तार काढली असंल. नाहीतर पेटीत काही बिघाड करून ठेवला असंल. तुम्ही एक्सपर्ट आहात, तुम्हीच सांगा."

घटनेच्या संध्याकाळी पोलिसांनी कंट्रोल रूमला कुलूप लावलं होतं. ते हवालदारासमोर उघडण्यात आलं. नूतननं शेजारच्या व्हॉल्व्ह रूममध्ये पेटीच्या तोंडाशी चाचणीचा गॅस सोडला. कॉम्प्युटरवर आकडा चढत गेला आणि पन्नास ओलांडताक्षणी सायरन इतक्या जोरात वाजला की बाहेरचे मजूर पळत सुटले. तार जागेवर होती. पेटी नीट होती. सेटिंगच्या पानावर पेटी हजारपर्यंत मोजू शकते असं दिसत होतं, तेही बरोबर होतं.

नूतन पेटीसमोर बराच वेळ उभी राहिली. सगळं ठीक असलेल्या खोलीत माणूस मेला होता.

३

कौस्तुभ कारखान्यातला सगळ्यात नवा इंजिनियर. बोर्डावरचे आलेख तोच बनवायचा. चेहरा उतरलेला, बोटांनी सारखा पेनाचं टोपण काढ-घाल करत होता.

"मी जानेवारीत जॉइन झालो, ताई. त्याच्या आधी नागपूरला होतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आकडे येतात, त्यातून आठवड्याची फाइल काढायची, स्प्रेडशीटमध्ये टाकायची, लाइन चार्ट बनवायचा. एवढंच काम."

"कधी काही वेगळं दिसलं?"

तो अडखळला. "कधी कधी ओळी कमी असायच्या. मला वाटलं, नेट जात असेल. चार्ट तर पूर्ण यायचा."

"त्या दिवशी तू कुठे होतास?"

"आरडाओरडा ऐकून आलो. नत्थूभाऊ आणि लोडिंगवाले हिरालालभाऊंना उचलून बाहेर आणत होते. मी अँब्युलन्समध्ये बसून हॉस्पिटलला गेलो, रात्रीच परत आलो. नत्थूभाऊंना गेटवरच थांबवलं होतं लोकांनी, आत येऊ देत नव्हते."

"आणि कंट्रोल रूममध्ये?"

"शिफ्ट इन्चार्ज पटले साहेब होते. गॅस बंद करायला तेच धावले. पोलीस येऊन कुलूप लागेपर्यंत तिथेच बसून होते म्हणे. कोणाशी बोलले नाहीत."

सेटिंगचं पान कोण उघडू शकतो, असं नूतननं विचारलं. ते फक्त कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर उघडायचं. पासवर्ड सगळ्यांना एकच होता, कॉम्प्युटरच्या खाली चिकटपट्टीवर लिहिलेला. कोणी काय बदललं याची नोंद ते स्वस्तातलं सॉफ्टवेअर ठेवत नव्हतं.

शिफ्ट इन्चार्ज राजकुमार पटले हिरालालचा साडभाऊ. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. पन्नाशीचा, मोठ्या हाडाचा माणूस, पण या दिवसांत खांदे खाली आलेले. तेरवीचं सगळं त्यानंच पाहिलं होतं.

"हिरालालनं मले त्या खोलीत डोकं दुखते म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मी बघतो. त्या दिवशी ट्रक अडला होता गेटवर, मी तिकडं गेलो. तो मले न सांगता आत गेला."

"सायरन आधी कधी वाजायचा?"

"मागच्या वर्षी लय वाजे. थोडा गॅस आला की वाजे. एकडाव पळापळीत भट्टीवरचा मोनू तापलेल्या सळ्यांवर पडला, पाय भाजला त्याचा. सायबानं मलेच धरलं होतं."

"मग वाजणं बंद कसं झालं?"

राजकुमारनं खिडकीबाहेर पाहिलं. "दिवाळीनंतर मशीन सुधरली असंल," तो म्हणाला.

नत्थू घरीच होता. त्याची आई भीमाबाई ओसरीवर डाळ निवडत बसली होती. तिनं नूतनला पाणी दिलं आणि आत निघून गेली.

"भांडण झालं होतं, खोटं कावून बोलू," नत्थू म्हणाला. "हिरालालभाऊ म्हणे, तुयी पेटी मेलेली आहे, माह्यं डोकं रोज दुखते आन् ती चूप बसते. मी म्हटलं, मी महिन्याच्या महिन्याला गॅस सोडून बघतो, आकडा बरोबर दाखवते. मले राग आला. तो खरं बोलत होता आन् मीबी खरं बोलत होतो, ताई. हे कसं होऊ शकते तेच मले समजून नाई राहिलं."

"गॅस सोडायचास तेव्हा सायरन वाजायचा?"

"सायरनची तार काढून ठेवाले सांगत पटलेभाऊ. लोक घाबरतात म्हणून. मी पेटीवरचाच आकडा बघे."

"दर महिन्याला तूच करायचास?"

"मे महिना सोडून. पुरा मे मी पिलियानं, काविळीनं घरी पडून होतो. ही माय साक्षी आहे."

बेबीताईंकडे नूतन शेवटी गेली. भिंतीवर फोटो लावलेला, त्याला हार. त्या ओल्या डोळ्यांनी बोलत नव्हत्या. सगळं संपल्यासारख्या सपाट आवाजात बोलत होत्या.

"रोज संध्याकाळी डोकं बांधून झोपत. मी म्हणे, दवाखान्यात दाखवा. म्हणत, कामावर गेल्यावरच दुखते, सुट्टीले नाई दुखत. भाऊजीले सांगितलं होतं. भाऊजी म्हणे, मी आहो नं, लक्ष ठेवतो."

"राजकुमारभाऊ रोज असायचे कामावर?"

"त्याईनं कधी खाडा केला नाई. या वर्षी दोनच डाव गेले. होळीले त्याईची माय बिमार होती तिरोड्याले. आन् मे मध्ये त्याईच्या मोठ्या पोरीचं लगन. आमी सगळे गेलो होतो, हे नाई आले, ड्युटी होती म्हणून." त्या थांबल्या. "त्याच लगनाच्या आठवड्यात याईचा फोन आला होता. म्हणे, आज कारखान्यात दोन डाव सायरन वाजला, सगळे बाहेर पळालो. मी म्हटलं, बरं झालं वाजला."

नूतननं मान वर केली. बोर्डावरच्या आलेखांत मे महिन्यात असं काही असल्याचं तिला आठवत नव्हतं. पण मेचे आलेख तिनं पाहिलेच कुठे होते?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. संशय वगैरे अजून मनात नव्हता. अहवालात लावायला बरा आलेख हवा होता आणि कौस्तुभचा निळा गुंता तिला लावायचा नव्हता.

स्प्रेडशीटमध्ये कौस्तुभनं वेळेचा रकाना जसा आला तसा ठेवला होता. स्प्रेडशीटला त्या वेळा म्हणजे नुसत्या पाट्या. एका पाटीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, सगळ्यांत सारखं अंतर. 'आर'मध्ये मात्र आधी सांगावं लागतं की ही अक्षरं नाहीत, ही वेळ आहे. नूतनला ते दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लाल अक्षरं आली नाहीत आणि आलेख समोर उभा राहिला.

रेघ तशीच होती, पन्नासच्या खाली, बारीक थरथरत चाललेली. हवेतला गॅस मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे अशी रेघ कधी स्थिर नसते. पण सकाळच्या चहाच्या सुमाराला थरथर थांबली होती. तिथे पट्टीनं ओढावी तशी एक सरळ, सपाट रेषा होती. मग पुन्हा थरथर सुरू.

हवा पट्टीनं ओढल्यासारखी वागत नाही.

तिनं रेघ काढून टाकली आणि प्रोग्रामला सांगितलं, नुसते ठिपके दे; जिथे आकडा आहे तिथेच ठिपका. यावेळी त्या जागी काहीच आलं नाही. पांढरी पोकळी. सरळ रेषा होती ती पोकळीच्या दोन टोकांना जोडणारी. आकडे मुळात नव्हतेच.

स्प्रेडशीटमध्ये हीच पोकळी दिसत नव्हती, कारण मधल्या पाट्या गळल्या की उरलेल्या पाट्या सरकून एकमेकींना चिकटत होत्या. आलेख पूर्ण यायचा, असं कौस्तुभ म्हणाला होता. तो खरंच पूर्ण दिसायचा.

नूतननं हात मांडीवर घेतले. हिरालालचा जीव ज्या मिनिटांत गेला, नेमकी तीच मिनिटं कोणीतरी नाहीशी केली होती.

५

कोणीतरी नंतर ओळी खोडल्या, हा तिचा पहिला विचार. म्हणजे कौस्तुभ. फाइल त्याच्याच हाताखालून जायची.

तिनं सगळ्या वर्षाची फाइल मागवली आणि एकच मोठा आलेख काढला. खाली दिवसाचे तास, वर जाणारे वर्षाचे दिवस, प्रत्येक मिनिटाला रंगाचा एक कण. स्प्रेडशीटमध्ये हे करायला तिला महिना लागला असता आणि तरी जमलं नसतं. इथे काही ओळी लिहिल्या, आणि वर्ष एका चौकोनात बसलं.

चौकोनाला भोकं पडली होती. दिवाळीपर्यंत रंग सलग होता, मधेमधे लाल ठिपके, सायरन वाजवणारे. मग एका दिवशी लाल रंग संपला आणि त्याच्या जागी पांढरे डाग सुरू झाले. सकाळी, दुपारी, रात्री, रविवारीसुद्धा. कौस्तुभ यायच्या कितीतरी आधीपासून. आणि तो रोज दिवसपाळीला असायचा. रात्रीच्या पांढऱ्या डागांशी त्याचा संबंध लागत नव्हता.

मग तिनं आणखी एक साधं चित्र काढलं: कोणता आकडा किती वेळा आला. दिवाळीनंतरच्या, पांढरे डाग असलेल्या दिवसांच्या आकड्यांचा डोंगर हळूहळू उतरत पन्नासपर्यंत आला आणि तिथे कड्यासारखा तुटला. एकोणपन्नास पुष्कळ, पन्नासही पुष्कळ, एक्कावन्न एकही नाही.

माणूस हातानं खोडतो तेव्हा कुठे विसरतो, कुठे जास्त खोडतो. इतकं साफ काम माणसाच्या हाताचं नव्हतं. हे सेटिंगचं काम होतं. कोणीतरी कॉम्प्युटरला सांगितलं होतं की ही पेटी पन्नासपर्यंतच मोजते. त्यावरचा आकडा आला तर तो बिघाड समज आणि फेकून दे. सायरन त्याच आकड्यांवर चालत होता. आकडा फेकला गेला की सायरनला वाजायला काही उरतच नव्हतं. पेटी खरं सांगत होती, नत्थू पेटीच्या तोंडावर खरा आकडा वाचत होता, आणि मधल्या एका खिडकीत ते खरं रोज टाकून दिलं जात होतं.

पण ती स्वतः तपासायला गेली तेव्हा सेटिंग हजार होतं. म्हणजे मृत्यूनंतर आणि कुलूप लागण्याआधी कोणीतरी ते परत जागेवर आणलं होतं.

नूतननं पुन्हा तो वर्षाचा चौकोन उघडला. आता ती पांढरे डाग पाहत नव्हती. ते कुठे नाहीत हे पाहत होती. दिवाळीपासून जुलैपर्यंतच्या त्या डागांमध्ये दोन आडव्या पट्ट्या अगदी स्वच्छ होत्या. तिथे लाल ठिपके परत आलेले. एक पट्टी होळीची. दुसरी मे महिन्यातली.

तिनं लॅपटॉप बंद केला. तिला आता नाव माहीत होतं, आणि ते माहीत झाल्याचं तिला बरं वाटलं नाही.

६

कुम्हारीला राजकुमारच्या घरापुढे पत्र्याची शेड होती. तो तिथेच खाटेवर बसलेला होता. बायको चंदा चहा ठेवून आत गेली.

नूतननं दोन्ही आलेख त्याच्यासमोर ठेवले आणि काय काय आहे ते सांगितलं. राजकुमार आलेखाकडे पाहत राहिला. त्याला ते समजत होतं हे दिसत होतं.

"सेटिंग बदलणाऱ्याला दिवाळीत कारखान्यात असायला पाहिजे," नूतन म्हणाली. "कौस्तुभ तेव्हा नागपूरला होता. होळीले आन् मे महिन्यात ते हजारवर नेऊन परत पन्नासवर आणलं गेलं. मे महिन्यात नत्थू अंथरुणावर होता. आन् हिरालालभाऊ गेले त्या दुपारी कौस्तुभ दवाखान्यात, नत्थू गेटवर. कंट्रोल रूममध्ये एकच माणूस होता."

राजकुमारनं चहाचा कप बाजूला सरकवला.

"पण भाऊ, यावरून मी नाव घेतलं नसतं. ते तर कोणीबी करू शकलं असतं. मले समजलं ते या दोन साफ पट्ट्यांवरून. होळीले तुमी तिरोड्याले गेले, तेव्हा सायरन चालू. पोरीचं लगन होतं तेव्हा चालू. तुमी परत आले की बंद. ज्याले लोकांच्या जिवाची पर्वा नाही तो जाताना सायरन चालू करून जात नाही."

राजकुमारनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आवाज आला तो फार खालून.

"मोनूचा पाय भाजला तेव्हा शेंडे साहेब म्हणे, गॅस नसताना आणखी एकडाव सायरन वाजला तर शिफ्ट इन्चार्ज बदलून टाकतो. मी म्हटलं, चार दिवस बंद ठेवतो, लोकाईची भीती जाऊ दे. मग चालू करतो. माह्या खिशात गॅस मोजायचं छोटं मीटर राहे. मी दर घंट्याले त्या खोलीत जाऊन बघे, रात्रीले आन् सुट्टीलेबी येऊन चक्कर मारे. मले वाटे, सायरनपेक्षा मीच बरा."

"आन् मग चार दिवसांचे महिने झाले."

"सगळं शांत झालं होतं, ताई. बोर्डावर रेघ सीधी यायची. साहेब खूश, लोक खूश. मी गावाला जाताना चालू करून जात होतो, कारण मी नसलो तर कोण बघंल? त्या दिवशी ट्रक अडला. मी गेटवर होतो. माह्या खिशात मीटर होतं आन् हिरालाल आत होता."

शेडवरच्या पत्र्यावर कावळा बसला, उडाला.

"त्या दुपारी मी हजार करून ठेवलं. का केलं ते मले सांगता नाही येत. हात आपोआप गेला. मग लोक नत्थूचं नाव घ्याले लागले. मी दोन डाव तोंड उघडलं आन् बंद केलं. बेबी समोर रडत होती. तिले कसं सांगू की मी..."

त्यानं समोरचे आलेख पालथे घातले.

"नत्थू चौकीत बसून होता तेव्हाबी नाही सांगितलं," नूतन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जे दिवाळीत झालं ती चूक होती. हे चूक नाही."

"माहीत आहे मले."

दारामागे बांगड्या वाजल्या. चंदा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे आली नाही. चौकटीला धरून खाली बसली.

"शर्ट घाला," ती म्हणाली. "आधी बेबीकडे चला. पोलिसाईकडून तिले समजलं तर मी तिले तोंड नाई दाखवू शकत."

७

बेबीताईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. राजकुमार जमिनीवर बसून बोलत होता, चंदा बहिणीच्या पायाशी. नूतन दाराजवळ उभी होती. सांगून झालं तेव्हा बेबीताईंनी एवढंच विचारलं, "याईले माहीत होतं का, सायरन बंद आहे म्हणून?"

"नाई," राजकुमार म्हणाला. "माहीत असतं तर तो गेला नसता आत."

बेबीताईंनी फोटोकडे नाही, जमिनीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमी जा आता भाऊजी. जठी सांगायचं तठी सांगा. मी तुमाले काही म्हणत नाई. पण माह्या दारात येऊ नका, जोवर मी बलावत नाई तोवर."

राजकुमार उठला. नूतन त्याच्यासोबत चौकीपर्यंत गेली. तिथून तो एकटाच आत गेला.

त्याच आठवड्यात तिनं अहवाल शेंडे साहेबांच्या टेबलावर ठेवला. पहिल्याच पानावर तो आलेख होता, ठिपक्यांचा, मधे पोकळी जशीच्या तशी. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ही खाली जागा, म्याडम... थोडी जोडून देता आली असती. दिसायला कैसा तरी वाटते."

"तिथं आकडे नाहीत, साहेब. जिथं आकडे नाहीत तिथं रेघ नाही येणार. आन् दिवाळीत तुमी राजकुमारभाऊले काय बोलले होते ते दुसऱ्या पानावर आहे. मोनूलेबी विचारून घेतलं मी."

साहेबांनी पान उलटलं. अहवाल वर गेला, तसाच.

पण त्याआधी, राजकुमारला चौकीत सोडून परतताना, नूतनला हथखोजच्या वळणावर बेबीताई दिसल्या होत्या. डोक्यावरून पदर, पायात घरातल्याच चपला, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर. नूतननं स्कूटी थांबवली.

"कुठं निघाल्या ताई? सोडून देऊ?"

"नाई. चालतच जातो."

त्या नत्थूच्या घराकडे वळल्या. नूतन गाडी ढकलत मागे थोडं अंतर ठेवून गेली. ओसरीवर भीमाबाई होती. कोण आलं ते पाहून ती उभी राहिली, आणि तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

"नत्थू आहे का घरी?" बेबीताईंनी विचारलं.

नत्थूच बाहेर आला. दाढी वाढलेली, बनियन अंगात. बेबीताईंना पाहून त्यानं नजर खाली घातली.

"इकडं बघ," बेबीताई म्हणाल्या. "त्या दिवशी सगळ्याईसमोर बोलली मी तुले. आता सगळे नाईत इथं. पण मी सगळ्याईले सांगीन. तुनं काही नव्हतं केलं."

भीमाबाईनं कडीवरचा हात काढला आणि दार पूर्ण उघडलं.

"बस, बाई," ती म्हणाली. "उन्हात कावून उभी राहिलीस."

बेबीताई ओसरीवर बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. नत्थू त्यांच्यापासून थोडं दूर, भिंतीला टेकून, खाली बसला.